एज की लेव्हल? : पर्जन्यमापकाच्या निमित्ताने इंटरप्टचा विचार



८०८५ च्या व्हायवाला एक प्रश्न हमखास ठरलेला असतो. "आरएसटी ७.५ आणि आरएसटी ६.५ मध्ये फरक काय?" उत्तर सगळ्यांना तोंडपाठ. ७.५ एज ट्रिगर्ड आणि ६.५ लेव्हल ट्रिगर्ड. एक्स्टर्नल सर मान डोलावतात, पुढचा प्रश्न विचारतात आणि आपण सुटतो. पण इंटेलने १९७६ साली एकाच चिपवर हे दोन प्रकार कशासाठी ठेवले? एकानेच काम भागले नसते का? हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये बोर्ड समोर ठेवून ड्रायव्हर लिहायची वेळ आली, की मग मात्र तो आपोआप पुढे येतो. सेन्सर बरोबर, वायरिंग बरोबर, प्रोग्रॅम कंपाइल होतोय, आणि तरी आकडे काहीच्या काही येतात!

हा विषय समजून घ्यायला आपल्या नांदेड-लातूरकडे एक चांगले उदाहरण आहे. ते म्हणजे पाऊस, किंवा खरे तर पावसाचा आकडा.

६५ मिलिमीटरची रेघ

पाऊस म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचे पाणी आणावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पाऊस असा कोसळला की गावांत पाणी शिरले आणि मदतीला लष्कर बोलवावे लागले. पाऊस कमी होवो की जास्त, सरकारदरबारी पहिला प्रश्न एकच असतो : किती मिलिमीटर? महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरली जाते. पुढचे पंचनामे आणि मदत यांची चर्चा या आकड्यापासून सुरू होते. पूर्वी हा आकडा तहसीलच्या पर्जन्यमापकावरून कुणीतरी हाताने वहीत लिहायचा. २०१७ पासून महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. म्हणजे आता मोजणारा माणूस नाही, सर्किट आहे. सर्किटने एक थेंब दोनदा मोजला तर ३३ मिलिमीटरचे ६६ होतात आणि गाव रेघेच्या पलीकडे जाते. सर्किटने काही थेंब सोडले तर खरे ६८ मिलिमीटर कागदावर ६२ होतात आणि शेतकरी अलीकडे राहतो. आपण प्रोजेक्टसाठी असे यंत्र बनवतो तेव्हा मार्कांचाच प्रश्न असतो. पण ट्रिगरचा प्रकार निवडणे ही गोष्ट किती लांबपर्यंत पोचते, हे यावरून लक्षात येईल.

यंत्र कसे चालते?

स्वयंचलित केंद्रांवर पाऊस मोजायला सर्रास वापरले जाणारे यंत्र म्हणजे टिपिंग बकेट. वर एक नरसाळे असते. त्याखाली जोडीने बसवलेल्या दोन छोट्या वाट्या, मधल्या आसावर तराजूसारख्या डुलणाऱ्या. एक वाटी भरली की तिच्या वजनाने तराजू कलंडतो, पाणी सांडते आणि दुसरी वाटी नरसाळ्याखाली येते. प्रत्येक पलटीबरोबर एक छोटे चुंबक रीड स्विचच्या समोरून सरकते. स्विच क्षणभर बंद होतो आणि पुन्हा उघडतो. बस्स, एवढाच सिग्नल!

हिशोब सोपा आहे. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस सेंटिमीटर. ०.२ मिलिमीटर पावसाचे पाणी झाले सुमारे ६.२८ मिलिलिटर. वाटी एवढ्या पाण्याला पलटी खाईल अशी बसवली की एक पलटी म्हणजे ०.२ मिलिमीटर. ६५ मिलिमीटरला ३२५ पलट्या. आपल्या प्रोग्रॅमचे काम एकच, पलट्या मोजणे. एक जास्त नको, एक कमी नको.

हाक आणि दारात उभा माणूस

आता एज आणि लेव्हल म्हणजे काय ते घरगुती भाषेत बघू.

एज म्हणजे हाक. कुणीतरी अंगणातून "अहो, आहात का घरात?" म्हणून हाक मारली आणि निघून गेला. ऐकली तर ऐकली. त्या वेळी तुम्ही मिक्सर लावून बसला असाल तर गेली. पण एका हाकेला उत्तर एकदाच द्यायचे, हे मात्र नक्की.

लेव्हल म्हणजे दारात उभा माणूस. तो काम झाल्याशिवाय हलत नाही. तुम्ही आता बघा, दहा मिनिटांनी बघा, तो तिथेच. त्यामुळे तो चुकण्याचा प्रश्न नाही. पण त्याचे काम न करता तुम्ही नुसते "बरं बरं" म्हणून आत गेलात, तर मागे वळून पाहाल तेव्हा तो पुन्हा दारातच दिसेल. मग दिवसभर दार आणि स्वयंपाकघर अशा खेपा चालू!

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. जी गोष्ट घडून जाते, म्हणजे घटना, तिला एज. जी गोष्ट आपण काही करेपर्यंत तशीच राहते, म्हणजे परिस्थिती, तिला लेव्हल. ८०८५ मध्ये हेच केले आहे. आरएसटी ७.५ च्या आत एक फ्लिप-फ्लॉप आहे. सिग्नल शून्यावरून एकवर गेला की तो ही हाक लक्षात ठेवतो, नंतर सिग्नल निघून गेला तरी चालेल. ६.५ आणि ५.५ ला अशी आठवण नाही, तिथे सिग्नल आपले ऐकले जाईपर्यंत हाय राहावा लागतो. आणि ट्रॅप? त्याला दोन्ही लागते. हाक आली पाहिजे आणि माणूस दारात दिसलाही पाहिजे. वीज जाण्यासारख्या गंभीर प्रसंगी वापरायची लाइन आहे, उगाच कुठल्या खडखडाटाने प्रोसेसर दचकू नये म्हणून ही काळजी.

महत्त्वाची गोष्ट अशी की एज की लेव्हल हे प्रोग्रॅमरच्या आवडीवर नाही. समोरचे उपकरण हाक मारते की दारात उभे राहते, यावर ते ठरते. प्रोग्रॅमरने फक्त ते ओळखून तसे लिहायचे.

८०५१ वर दोन पलट्यांत वर्षाचा पाऊस

वाटीची पलटी ही उघडच घटना आहे, म्हणजे एज. आता आपल्या लॅबमधला ८०५१ घ्या. रीड स्विच पी ३.२ या पिनला, म्हणजे इंट-झिरोला जोडला. पुल-अप रेझिस्टर लावला, म्हणजे एरवी पिन हाय आणि पलटी झाली की लो. इंटरप्ट एनेबल केला, आयएसआरमध्ये काउंट एकने वाढवला. सगळे बरोबर दिसते. पण टीकॉन रजिस्टरमधला आयटी-झिरो हा बिट सेट करायचा राहिला. रिसेटनंतर हा बिट शून्य असतो, आणि शून्य म्हणजे लो लेव्हल ट्रिगर!

आता गंमत बघा. स्विच समजा ५० मिलिसेकंद बंद राहिला. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर मशीन सायकल १ मायक्रोसेकंदाची. आयएसआरची एक फेरी जाऊन-येऊन २५ मायक्रोसेकंदांची धरू. पिन लो आहे तोवर आयएसआर संपला की पुन्हा सुरू. ५० मिलिसेकंदांत झाल्या २००० फेऱ्या. २००० गुणिले ०.२ म्हणजे ४०० मिलिमीटर. लातूर जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दोन पलट्यांत वर्ष संपले!

आयटी-झिरो सेट केला की हा गोंधळ जातो. मग पिन एक मशीन सायकल तरी हाय आणि पुढची एक सायकल तरी लो दिसली की फ्लॅग लागतो, आणि आयएसआरमध्ये शिरताच हार्डवेअर तो स्वतःच पुसते. पण एक ध्यानात ठेवा, हा फ्लॅग म्हणजे एकच बिट आहे. इंटरप्ट बंद असताना दोन हाका आल्या तर आठवण एकाच हाकेची राहते. पावसाला ते चालते, कारण दोन पलट्यांत बराच वेळ जातो. मोटारीच्या एन्कोडरला चालेलच असे नाही.

एका पलटीच्या चार हाका

एज केले म्हणजे झाले का? नाही. स्विचचे दोन पत्रे एकमेकांना भेटतात तेव्हा शहाण्यासारखे एकदा चिकटून बसत नाहीत. चेंडू टप्पे खातो तसे दोन-चारदा उडतात. याला कॉन्टॅक्ट बाउन्स म्हणतात. रीड स्विचमध्ये हा खेळ साधारण मिलिसेकंदाच्या आत संपतो, साध्या पुश बटनात आणखी लांबतो. माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण मायक्रोसेकंदात चालणाऱ्या प्रोसेसरला प्रत्येक टप्पा ही नवी हाक. शिवाय स्विच उघडतानाही टप्पे पडतात, आणि त्यातही फॉलिंग एज असतात. नवशिक्या प्रोजेक्टमध्ये नेमका हाच भाग सुटतो. बंद होतानाचे टप्पे गाळले जातात, उघडतानाचे मोजले जातात.

उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. पहिला हार्डवेअरचा : १० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे १ मिलिसेकंदाचा टाइम कॉन्स्टंट, आणि त्यापुढे श्मिट ट्रिगर. दुसरा सॉफ्टवेअरचा : एक एज मोजला की पुढचे काही मिलिसेकंद कान बंद.

किती मिलिसेकंद? इथे अंदाजपंचे आकडा टाकू नका, पावसालाच विचारा. तासाला ३०० मिलिमीटरच्या वेगाने, म्हणजे ढगफुटीच्याही वरताण, पाऊस पडला तरी तासाला १५०० पलट्या होतात. दोन पलट्यांमध्ये २.४ सेकंद. तेव्हा २०० मिलिसेकंद कान बंद ठेवले तर खरी पलटी एकही जात नाही, आणि बंद होताना व उघडताना पडणारे सगळे टप्पे गाळले जातात. डिबाउन्सचा आकडा असा उपकरणाच्या स्वभावातून काढायचा असतो.

आणखी एक शत्रू म्हणजे वीज. पर्जन्यमापक उघड्या मैदानात, लॉगर खांबावरच्या पेटीत, मधे काही मीटर वायर. मृगाच्या आधीच्या वादळात विजा कडाडतात तेव्हा या वायरवर खोटे स्पाइक येतात आणि प्रोसेसरला ती हाक वाटते. इथे ट्रॅपची युक्ती उपयोगी पडते. एज आला की दोन-तीन मिलिसेकंदांनी पिन पुन्हा वाचायची. अजून लो असेल तर खरी पलटी, नसेल तर विजेची चेष्टा.

दारात उभा राहणारा पाहुणा

त्याच पेटीत दुसरे उपकरण असते ते घड्याळ. डीएस ३२३१ ही आरटीसी चिप प्रोजेक्टमध्ये फार वापरली जाते. दर तासाला अलार्म वाजवून ती झोपलेल्या लॉगरला उठवते. पण तिचा अलार्म हाकेसारखा नाही. वेळ झाली की तिची इंटरप्ट पिन लो होते आणि आपण तिच्या स्टेटस रजिस्टरमधला अलार्म फ्लॅग पुसेपर्यंत लोच राहते. हा दारात उभा माणूस, म्हणजे लेव्हल.

समजा इथे आपण फॉलिंग एज लावला. टेबलावर दहा वेळा चाचणी घेतली, दहाही वेळा चालले. मग शेतात बॅटरी उतरली, सकाळी सोलर पॅनलने बोर्ड पुन्हा चालू झाला. आरटीसीला स्वतःची वेगळी बॅटरी, तिचा अलार्म रात्रीच वाजून गेलेला. पिन आधीपासून लो. आता हायवरून लोला जायचा प्रसंगच येणार नाही. एज नाही, म्हणून इंटरप्ट नाही. इंटरप्ट नाही, म्हणून फ्लॅग पुसला जात नाही. फ्लॅग पुसला नाही, म्हणून पिन लोच. असा लॉगर कायमचा मुका होतो आणि लॅबमध्ये आणून फ्लॅग साफ केला की लगेच शहाण्यासारखा चालतो. लो लेव्हल लावली असती तर इंटरप्ट एनेबल होताच तो पाहुणा दिसला असता.

झोपेबाबत आणखी एक. काही मायक्रोकंट्रोलर गाढ झोपेत क्लॉक बंद करतात. एज ओळखणाऱ्या सर्किटला क्लॉक लागत असेल तर तेही झोपते, जागे करायला लेव्हलच लागते. डेटाशीटमधले स्लीप मोडचे प्रकरण वाचल्याशिवाय पिन ठरवू नका.

लिनक्सवर हे कुठे लिहायचे?

हाच लॉगर लिनक्स चालणाऱ्या एआरएम बोर्डवर केला तरी विचार तोच, फक्त लिहिण्याची जागा बदलते. लिनक्समध्ये ट्रिगरला आकडे आहेत : १ रायझिंग एज, २ फॉलिंग एज, ४ हाय लेव्हल, ८ लो लेव्हल. हे आकडे दोन ठिकाणी येऊ शकतात. एक डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडले आहे त्याचे वर्णन. दुसरे ड्रायव्हर, जिथे आपण रिक्वेस्ट आयआरक्यू हे फंक्शन बोलावतो. ड्रायव्हरने स्वतःचा ट्रिगर दिला तर तो चालतो आणि डिव्हाइस ट्रीतला बाजूला पडतो.

मग कुठे लिहावे? डिव्हाइस ट्रीत. कारण साधे आहे. चिप आणि प्रोसेसर यांच्यामध्ये कुणी ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोकपलर टाकला की सिग्नल उलटा होतो, फॉलिंगचा रायझिंग होतो. ही गोष्ट बोर्ड बनवणाऱ्याला ठाऊक, ड्रायव्हर लिहिणाऱ्याला नाही. ड्रायव्हरमध्ये आकडा ठोकून ठेवला तर दुसऱ्या बोर्डवर तोच ड्रायव्हर गप्प बसतो आणि दोष मात्र सेन्सरच्या माथी.

आरटीसीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिचा फ्लॅग पुसायला आय-स्क्वेअर-सी वरून बोलावे लागते. हे संथ काम असून त्यात वाट बघावी लागते, आणि इंटरप्ट हँडलरमध्ये वाट बघणे निषिद्ध. मग हँडलर संपतो, पिन लोच, लगेच पुन्हा इंटरप्ट, पुन्हा तेच. यासाठी २००९ मध्ये २.६.३० या कर्नलमध्ये थ्रेडेड इंटरप्ट आले. खरे काम एका थ्रेडवर सोपवायचे आणि वनशॉट हा फ्लॅग द्यायचा. वनशॉट म्हणजे थ्रेडचे काम पुरे होईपर्यंत ही लाइन बंद ठेव. पाहुण्याला ओसरीवर बसवून दार लोटून घ्यायचे, काम झाले की उघडायचे. लेव्हल ट्रिगर आणि संथ बस एकत्र आले की वनशॉट हवाच.

हे चुकले तर कर्नल काही वेळा स्वतःच ओरडते. एका लाइनवरच्या एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कुणीच स्वीकारले नाहीत तर 'नोबडी केअर्ड' असा संदेश देऊन ते ती लाइन बंद करते. पण तुमचा हँडलर काही न करताच "हो, माझाच होता" असे सांगत राहिला, तर कर्नलला संशय येत नाही आणि बोर्ड नुसता गोठतो. म्हणून स्टेटस रजिस्टर खरोखर वाचल्याशिवाय हँडल्ड म्हणून परत येऊ नका.

एका लाइनवर अनेक जण

१९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५९ चिप एज मोडमध्ये वापरली होती, आणि दोन कार्डांना एक आयआरक्यू देता येत नसे. का? पहिल्या कार्डाने लाइन वर धरली आणि त्याचे काम चालू असतानाच दुसऱ्यानेही धरली, तर लाइन वरच राहते. नवा एज कुठून येणार? दुसऱ्याची हाक पहिल्याच्या आवाजात बुडून जाते. १९९२ साली आलेल्या पीसीआयने म्हणून लो लेव्हल घेतली. सगळ्यांनी एकच लाइन खाली ओढायची, प्रत्येक हँडलरने आपला पाहुणा आहे का ते बघायचे, आणि शेवटचा जाईपर्यंत लाइन खाली. तेव्हा आपल्या बोर्डवर पिना कमी पडल्या म्हणून दोन सेन्सर एका लाइनवर बांधणार असाल, तर दोन्ही लेव्हलचेच आणि ओपन-ड्रेन असले पाहिजेत. पर्जन्यमापकाला स्वतंत्र पिन द्या.

तपासायचे कसे?

प्रोजेक्ट जमा करण्याआधी एक चाचणी जरूर घ्या. २० सेंटिमीटरच्या नरसाळ्यात ६२८ मिलिलिटर पाणी सलाइनच्या बाटलीसारखे थेंबथेंब सोडा. घाई करू नका. जोरात ओतले तर वाटी पलटत असतानाचे पाणी वाया जाते आणि पलट्याच कमी पडतात. हिशोबाने १०० पलट्या व्हायला हव्यात. एकाने शेजारी बसून पलट्या डोळ्याने मोजाव्यात. लिनक्स असेल तर प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स ही फाइल चाचणीच्या आधी आणि नंतर बघावी.

डोळ्याने १००, फाइलमध्ये १३० आणि प्रोग्रॅममध्ये १००, तर बाउन्स आहे पण तुमचा डिबाउन्स तो गाळतोय. प्रोग्रॅममध्येही १३०, तर कान बंद ठेवायचा वेळ कमी पडला. फाइलमध्ये हजारो, तर एजऐवजी लेव्हल लागली आहे. फाइलमध्येच ९०, तर स्विच किंवा चुंबकाचे अंतर बघा, प्रोग्रॅमला दोष देऊ नका. आणि डोळ्यानेच ९० दिसल्या, तर वाटीचे स्क्रू जुळवा, इलेक्ट्रॉनिक्सचा संबंध नाही. आरटीसीसाठी वेगळी चाचणी : अलार्म वाजू द्या, मग बोर्डची वीज काढून पुन्हा लावा. उठला तर पास.

एकूण काय, तर नवा सेन्सर हातात आला की कोड लिहिण्याआधी चार प्रश्न कागदावर लिहा. हा हाक मारतो की दारात उभा राहतो? उभा राहत असेल तर तो कशाने जातो? मधे कुठे सिग्नल उलटतो का? दोन खऱ्या घटनांमध्ये कमीत कमी किती वेळ असतो? चारही उत्तरे डेटाशीट आणि सर्किट डायग्राममध्ये मिळतात, त्यासाठी कोड लागत नाही. ती मिळाली की ट्रिगर एका ओळीत लिहून होतो. पुढच्या व्हायवात आरएसटी ७.५ आला तर फरक सांगून थांबू नका, कारणही सांगा. बॅच कोणतीही असो, ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये पाऊस, पाणीपातळी किंवा मीटर मोजायचे आहे, त्यांनी ती ६२८ मिलिलिटरची बाटली आजच शोधून ठेवावी!